टोपलीच्या तळाचे संत्रे

गांधीबागेतील कापड बाजारात सकाळी शेटजी गादीवर बसतात ते रात्री दुकान बंद होईपर्यंत. त्यांना बसून बसून जखम होत नाही. पण बाजारामागच्याच एका घरी, खुब्याचे हाड मोडून अंथरुणाला खिळलेल्या आजींना दोन आठवड्यांत माकडहाडावर जखम झाली. आम्ही भेटायला गेलो तेव्हा सून रडवेली होऊन म्हणाली, "गादी मऊ आहे, लाल झालेली जागा रोज स्पिरिट-पावडरने चोळते. मग माझे चुकले कुठे?"

या जखमेला आपण बेडसोर किंवा शय्याव्रण म्हणतो. सुनेच्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी आधी एक प्रयोग करू या. अंगठ्याचे नख दुसऱ्या बोटाने दाबा. ते पांढरे पडते. सोडले की पुन्हा गुलाबी होते. दाबामुळे केशवाहिन्यांतील रक्त बाजूला सरले व सोडताच परत आले.

१९३० साली युजीन लँडिस यांनी नखाच्या कडेच्या केशवाहिन्यांमधील दाब मोजला. धमनीकडच्या टोकाला तो सरासरी ३२ मिलिमीटर पारा भरला. म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ४३ ग्रॅम वजन. आता दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ हे सूत्र वापरू. समजा, शरीराचा १० किलो भार हाडाच्या उंचवट्यावरील ५० चौरस सेंटिमीटर जागेवर आला, तर दर चौरस सेंटिमीटरला २०० ग्रॅम होतात! मग शेटजींना काही का होत नाही? कारण ते नकळत सतत कूस बदलतात. पेशींची उपासमार सुरू होताच मज्जातंतू निरोप धाडतात आणि शरीर हलते. दाब किती, याइतकेच तो किती वेळ, हेही महत्त्वाचे.

ज्यांचा हा निरोप पोचत नाही किंवा पोचूनही हलता येत नाही, त्यांना धोका. मणक्याची इजा, पक्षाघात, मधुमेहाने बधिर झालेले पाय ही त्याची उदाहरणे. वरोऱ्याजवळच्या आनंदवनात ज्यांची सेवा झाली, त्या कुष्ठरुग्णांच्या तळपायाच्या जखमांमागेही हीच बधिरता असते. त्यात रक्तक्षय, कुपोषण, लघवी-घामाचा ओलावा आणि उतारवयातील पातळ त्वचा यांची भर पडते.

नागपूरकरांना एक गोष्ट सहज पटेल. टोपलीच्या तळाचे संत्रे वरून चांगले दिसते, आत मात्र पिचलेले असते. हाडाला चिकटलेला स्नायू त्वचेपेक्षा दाबाला जास्त हळवा असतो. त्यामुळे काही वेळा इजा आत सुरू होते आणि त्वचेवर उशिरा दिसते. दाब सुटल्यावर रक्त परत येते तेव्हा प्राणवायूचे अतिक्रियाशील कण तयार होऊन पेशींची आणखी हानी करतात.

मग आतली इजा आधी कळेल का? शास्त्रज्ञ रेणूंच्या खुणा शोधत आहेत. स्नायू फुटला की मायोग्लोबिन आणि क्रिएटिन कायनेज रक्तात उतरतात. दाबलेल्या त्वचेच्या पृष्ठभागावर इंटरल्यूकिन-१ अल्फा हे दाहाचे प्रथिन वाढते. न भरणाऱ्या जखमेच्या स्रावात कोलॅजन तोडणारी विकरे जास्त आणि त्यांना आवर घालणारी प्रथिने कमी आढळतात. या गटातील पहिले विकर १९६२ साली ग्रॉस आणि लापिएर यांना कुठे सापडले ठाऊक आहे? बेडूकमाशाच्या झडत्या शेपटीत! तेथे मोडतोड वेळेवर थांबते, जुनाट जखमेत ती थांबत नाही. रक्तातील अल्ब्युमिन कमी असणे हीही धोक्याची खूण. पण ते दाहामुळेही घटते, तेव्हा दोष केवळ आहाराला देऊ नये.

यांपैकी कोणतीही एक खूण एकटी पुरेशी नाही. रुग्णालयांत अजून भरवसा ठेवतात तो पाहण्यावर, स्पर्शावर आणि १९८७ सालच्या ब्रेडन मापनासारख्या गुणपद्धतीवर. तीत सहा बाबींना गुण देतात. एकूण जितकी कमी, तितका धोका जास्त.

घरी काय करावे? लाल जागा बोटाने दाबा. ती पांढरी झाली नाही, तर इजा सुरू झाली असे समजा. सावळ्या त्वचेवर लाली दिसत नाही. तेथे शेजारच्या जागेशी ताडून ऊब, कडकपणा व दुखणे पाहा. साधारण दर दोन तासांनी कूस बदला, टाचा उशीने अधांतरी ठेवा, त्वचा कोरडी ठेवा आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने प्रथिनयुक्त आहार द्या. लाल जागा मात्र चोळू नका. आधीच दुखावलेल्या पेशी त्याने आणखी फाटतात.

सुनेची सेवा कमी पडली नव्हती. चोळण्याऐवजी कूस बदलायची, हे तिला कोणी सांगितले नव्हते एवढेच. ते सांगण्याचे काम आपल्या वर्गातून होऊ शकते. दहा मिनिटांत एक मुलगा बाकावर किती वेळा हलतो, ते विद्यार्थ्यांना मोजायला लावा. ज्या चुळबुळीवर आपण रागावतो, ती त्याच्या शरीराची राखणदार आहे. घरातील अंथरुणावरच्या माणसासाठी ती चुळबूळ दुसऱ्या कोणाला तरी करावी लागते.