गवळाऊच्या ढेकरात काय असते?

वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी-कारंजा भागातली गवळाऊ गाय चरून आली, झाडाखाली टेकली आणि रवंथ करू लागली की तिच्या डाव्या कुशीत, शेवटच्या बरगडीमागच्या खोलगट जागी, मूठ दाबून धरा. मिनिटाला एक-दोनदा हात वर उचलला जातो. आत कोठीपोटात कुटार-कडबा घुसळला जात असतो. तिथे जिवाणू, बुरशी आणि आदिजीवांची गर्दी असते आणि त्या गर्दीत थोडेसे आर्किया. मिथेन वायू हेच बनवतात, म्हणून या थोडक्यांचेच नाव हल्ली जास्त निघते, तेही बरेचदा चुकीच्या कारणाने.

गैरसमज : आर्किया म्हणजे जिवाणूच.

सूक्ष्मदर्शकाखाली तसेच दिसतात खरे. पण 1977 मध्ये अमेरिकेत कार्ल वूझ आणि जॉर्ज फॉक्स यांनी आरएनएची तुलना करून ही सजीवांची वेगळीच शाखा असल्याचे दाखवले. या शाखेतले त्यांनी तपासलेले सारे मिथेन बनवणारेच होते. पेनिसिलिन जिवाणूंच्या ज्या भित्तिकेवर घाव घालते, ती यांच्याकडे नसते.

गैरसमज : चारा आर्कियाच पचवतात.

चारा फोडतात ते बाकीचे. त्यातून तयार होणारी आम्ले गाय शोषून घेते, तीच तिची ताकद. या कामात हायड्रोजन सुटतो आणि तो साचला की चारा फोडणाऱ्यांचेच काम मंदावते. आर्किया तो कार्बन डायऑक्साइडशी जोडून मिथेन करतात. म्हणजे साफसफाई होते, पण फुकट नाही : खाल्लेल्या ऊर्जेतली साधारण 2 ते 12 टक्के मिथेनबरोबर निघून जाते.

बाहेर निघण्याची वाट मात्र मागची नव्हे, तोंडाची. कोठीपोटातला वायू अन्ननलिकेतून वर येतो, त्यातला बराचसा आधी फुप्फुसांत ओढला जातो आणि मग श्वासाबरोबर बाहेर पडतो. म्हणून गाईचा ढेकर सहसा ऐकूही येत नाही. पोटफुगीचा दोषही आर्कियांना देता येत नाही. ढेकराची वाट अडते किंवा कोवळ्या लसूणघासासारख्या चाऱ्याने वायूचा फेस होतो, तेव्हा पोट फुगते. तिथे वेळ न घालवता डॉक्टर बोलवावा.

गैरसमज : देशी गाय मिथेन सोडत नाही.

हा आपल्याकडचा खास लाडका समज. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक पाहणीत 35 देशांतून 742 नमुने तपासले, त्यात गाई-म्हशी, शेळ्या-मेंढ्या, उंटाच्या कुळातले प्राणीसुद्धा होते. जिवाणूंचे प्रमाण चाऱ्यानुसार बदलले, पण मुख्य आर्किया जवळपास सगळीकडे तेच निघाले. गवळाऊ खाते कमी, म्हणून दिवसाचा मिथेन संकरित गाईपेक्षा कमी असू शकतो. दुधाच्या लिटरमागे मोजाल तर हिशेब उलटतो, कारण दूध थोडे असले तरी अंग पोसायला चारा लागतोच.

गैरसमज : कोठीपोट म्हणजे चालता-फिरता गोबरगॅस.

गोपुरीचे गोसेवेचे काम आणि दत्तपूरचे ग्रामोपयोगी विज्ञान केंद्र यांमुळे वर्ध्याला गोबरगॅस नवा नाही, म्हणून ही तुलना चटकन सुचते. पण गोबरगॅसच्या टाकीत शेण आठवडेच्या आठवडे राहते. तिथे ॲसिटिक आम्लापासून मिथेन करणाऱ्या संथ वाढीच्या आर्कियांना सवड मिळते आणि बराचसा वायू तेच देतात. कोठीपोटात चारा एक-दोन दिवसच थांबतो, आम्ल गाय उचलते, आणि उरतात ते हायड्रोजनवर जगणारे. टाकी सुरू करायला मात्र विकतची पूड लागत नाही. ताज्या शेणात विरजण असतेच.

शेवटचा समज महागात पडणारा : आर्किया मारले की दूध वाढते. मिथेन रोखणारी औषधे आहेत. 3-एनओपी नावाच्या संयुगाने तो साधारण तीस टक्के घटतो, पण वाचलेल्या हायड्रोजनचा काही भाग तसाच ढेकरातून जातो, दुधात भर पडेलच असे नाही. आपल्या गोठ्यात तूर्त त्याहून उपयोगी आहे ते नुसत्या सोयाबीन कुटारावर गाय न ठेवणे. सोबत हिरवा चारा आणि थोडी सरकीची ढेप असली की दूध वाढते आणि लिटरमागचा मिथेन उतरतो.