संमतीपत्रातले १०० आणि हवेतले १००

पनवेल तालुक्यातल्या तळोजा एमआयडीसीत दोन कारखाने आहेत असं समजा. दोघांच्याही संमतीपत्रात धुराड्यातल्या धूलिकणांची मर्यादा एकच आहे, दर घनमीटरला १०० मिलिग्रॅम. तपासणीत दोघंही बरोबर १०० वर, म्हणजे नियमात. मग दोघांचं प्रदूषण सारखं का?

आधी संमतीपत्र म्हणजे काय ते बघू. १९८१ च्या हवा प्रदूषण कायद्याच्या कलम २१ प्रमाणे कारखाना उभारायला आणि चालवायला राज्य मंडळाची संमती लागते. आपल्याकडे ती महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ देतं. इंधन कुठलं, धुराडं किती उंच, मर्यादा किती, हे त्यात लिहिलेलं असतं.

आता गणित करा. पहिल्या कारखान्याच्या धुराड्यातून तासाला १०,००० घनमीटर वायू बाहेर पडतो, दुसऱ्याच्या ५०,०००. चोवीस तास चालले तर पहिला दिवसाला २४ किलो धूळ सोडतो, दुसरा १२० किलो. कागदावर दोघं सारखेच! कारण मर्यादा तीव्रतेची आहे, एकूण भाराची नाही.

दुसरा घोटाळा एककाचा. पीएम१० चं २४ तासांचं राष्ट्रीय मानकही १०० च आहे, पण मायक्रोग्रॅममध्ये, म्हणजे हजारपट लहान. ते आपण श्वास घेतो त्या हवेसाठी आहे. धूर हवेत मिसळून किती पातळ होतो, हे वारा, धुराड्याची उंची आणि आसपासची इतर धुराडी यांवर ठरतं. म्हणून सगळे कारखाने नियमात असूनही शेजारच्या वस्तीतली हवा खराब असू शकते. तिथल्या माणसाची तक्रार 'सगळं नियमात आहे' म्हणून खोटी ठरत नाही.

मग भार शोधायचा कुठे? संमती लागणाऱ्या उद्योगांना दरवर्षी ३० सप्टेंबरपर्यंत मागच्या आर्थिक वर्षाचं पर्यावरण विवरणपत्र, म्हणजे फॉर्म ५, मंडळाकडे द्यावं लागतं. त्यात तीव्रतेसोबत दिवसाला किती प्रदूषक बाहेर गेलं, हेही विचारलेलं असतं. अर्थात हे आकडे कारखाना स्वतः भरतो. त्यामुळे वायूचा प्रवाह आणि कामाचे तास घेऊन आपण स्वतः एकदा गुणाकार करून बघायचा. आकडे जुळले नाहीत, तर लगेच चोरी पकडली असं समजू नका. मोजणी कुठल्या दिवशी झाली, तेव्हा कारखाना किती क्षमतेने चालू होता, ते आधी विचारा. संशोधनाचा चांगला प्रश्न बहुतेक वेळा तिथेच सापडतो.