सागाच्या वलयांतला पाऊस

खोडाच्या छेदावरचे रुंद वलय म्हणजे भरपूर पावसाचे वर्ष आणि अरुंद वलय म्हणजे दुष्काळ, ही समजूत सर्रास आढळते. ती अपुरी आहे. झाड एखाद्या वर्षी किती वाढेल, हे त्याला ज्या गोष्टीची सर्वांत जास्त उणीव भासते तिच्यावर ठरते. उत्तर ध्रुवाजवळच्या थंड प्रदेशात ऊब कमी पडते, म्हणून तिथले वलय उन्हाळ्याच्या तापमानाबद्दल सांगते. कोरड्या प्रदेशात तेच वलय पाण्याबद्दल बोलते. शिवाय कोवळ्या वयात वलये मुळातच रुंद असतात आणि खोड जाड होत जाते तशी ती अरुंद होतात. वयाचा हा परिणाम गणिताने वजा केल्याशिवाय हवामानाविषयी काहीच म्हणता येत नाही.

आपल्याकडच्या उष्ण हवामानात वलये पडतच नाहीत, हाही गैरसमजच. अनेक सदाहरित झाडांत ती अस्पष्ट असतात, हे खरे. साग मात्र कोरड्या ऋतूत पाने गाळतो, वाढ थांबवतो आणि नवी वाढ सुरू होताना मोठ्या वाहिन्यांचा पट्टा तयार करतो. त्यामुळे वर्षाची सीमा स्पष्ट दिसते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतील जी. बी. पंत आणि एच. पी. बोरगावकर यांनी १९८३ मध्ये ठाणे परिसरातील सागाच्या वलयांचा तिथल्या हवामानाशी असलेला संबंध अभ्यासला होता. अशा अभ्यासासाठी झाड तोडावेच लागते असेही नाही. पोकळ गिरमिटाने साधारण ५ मिलिमीटर जाडीची कांडी काढली तरी पुरते.

आक्षेप असा येतो की, अळीने पाने खाल्ली किंवा वणवा लागला तरी वलय अरुंद होईल. अवेळी पावसाने एका वर्षात दोन वलये भासतील, कधी एखादे पडणारच नाही. आक्षेप रास्त आहे, आणि म्हणूनच एकट्या झाडाची साक्ष कुणी ग्राह्य धरत नाही. अमेरिकेत ए. ई. डग्लस या खगोलशास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रूढ केलेली पद्धत जुळणीची आहे. अनेक झाडांतील रुंद-अरुंद वलयांचा क्रम एकमेकांशी ताडला की खोटे वा हरवलेले वलय उघडे पडते. मग ही मालिका पर्जन्यमापकाच्या नोंदींच्या एका भागाशी जुळवून, बाजूला ठेवलेल्या दुसऱ्या भागावर तपासतात. तिथे ती टिकली तरच नोंदींपूर्वीच्या काळाबद्दल बोलायचे.

केरळमधील सागांवरून अशी १४८१ ते २००३ पर्यंतची मालिका तयार झाली. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून तिच्यातली खुरटी वर्षे एल निनोशी निगडित अवर्षणांशी बऱ्याच प्रमाणात जुळतात. आशियातील ३०० हून अधिक ठिकाणांच्या वलयांवरून एडवर्ड कुक आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये मोसमी आशियाचे दुष्काळ-नकाशे प्रसिद्ध केले. दख्खनला उद्ध्वस्त करणाऱ्या १८७६ ते १८७८ च्या काळातला दुष्काळ त्यांत दिसतो, आणि १७५६ ते १७६८ चा एक दीर्घ दुष्काळही. त्या नकाशांत द्वीपकल्पीय भारतातली ठिकाणे मात्र विरळ आहेत, त्यामुळे दख्खनच्या एखाद्या जिल्ह्याबद्दल त्यांवरून ठाम निष्कर्ष काढणे मला पटत नाही. डग्लसने प्राचीन वस्त्यांमधल्या तुळयांवरून आपली मालिका मागे नेली होती. आपल्याकडे पाडल्या जाणाऱ्या वाड्यांतल्या सागवानी तुळयांचे छेद जपले, तर तसा प्रयत्न इथेही करता येईल. फक्त ते लाकूड कोणत्या जंगलातून आले, हे आधी ठरवावे लागेल.