गारपिटीचा हिशेब

भुसार असो, कांदा-बटाटा असो, बेदाणा वा डाळिंब असो, अथवा कापड आणि किराणा असो, आपल्या बाजारपेठांतील बहुतेक पेढ्यांचा पाया अखेर शेतकऱ्याच्या उत्पन्नावर उभा असतो. शेतमाल थेट विकत घेणाऱ्याचा तर तो असतोच. परंतु सुगीनंतरच्या लग्नसराईवर ज्याची वर्षाची उलाढाल ठरते त्या सराफाचा आणि कापड व्यापाऱ्याचाही तो असतोच. दुष्काळ महिनोन् महिने आधी चाहूल देतो, म्हणून त्याच्याशी जुळवून घेण्यास थोडा तरी अवधी मिळतो. गारपीट मात्र पंधरा-वीस मिनिटांत उभ्या पिकाचा आणि त्यावर दिलेल्या उचलीचा हिशेब पुसून टाकते. यास्तव गारपीट म्हणजे काय, शास्त्रज्ञ तिचा अभ्यास कसा करतात आणि बदलत्या हवामानात तिच्याविषयी काय निश्चित झाले आहे, हे समजून घेणे व्यापारी कुटुंबांना हिताचे आहे.

महाराष्ट्राची आठवण

२०१४ साली फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत महाराष्ट्राने जी गारपीट अनुभवली, ती आजही अनेकांच्या स्मरणात असेल. एरवी गारांचा पाऊस एखाद्या शिवारावर कोसळून निघून जातो. त्या वेळी मात्र मराठवाडा, विदर्भ, सोलापूर, अहमदनगर, नाशिक असे पट्ट्यांमागून पट्टे दिवसामागून दिवस झोडपले गेले. राज्यातील अठ्ठावीस जिल्ह्यांना त्याची झळ पोहोचली. काढणीला आलेला गहू, हरभरा व ज्वारी आडवी झाली, द्राक्षाचे घड फुटले, डाळिंबाच्या बागा सोलून निघाल्या. गुरेढोरे, शेळ्यामेंढ्या आणि झाडांवर रात्रीचा आसरा घेतलेले असंख्य पक्षी मृत्युमुखी पडले.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी पुढे या घटनेचा बारकाईने अभ्यास केला. वरच्या थरांतील पश्चिमी वाऱ्यांची थंड हवा नेहमीपेक्षा बरीच दक्षिणेकडे उतरली होती आणि खालच्या थरांत समुद्रावरून बाष्प येत होते. खाली उबदार, दमट हवा आणि वर अतिथंड हवा अशी ही जोडी दीर्घकाळ टिकून राहिली, म्हणून गारपीटही टिकून राहिली.

गार कशी घडते?

उन्हाने तापलेली दमट हवा वर उसळते, थंड होते आणि तिच्यातील बाष्पाचे ढग बनतात. साधारण पाच किलोमीटर उंचीवर तापमान शून्य अंशापर्यंत उतरते. या उंचीला आपण गोठणपातळी म्हणू. नवल असे, की या पातळीच्या वर गेलेले सर्वच थेंब लगेच गोठत नाहीत. कित्येक थेंब शून्याखालीही द्रवरूपच राहतात. त्यांना अतिशीत जल म्हणतात. एखादा हिमकण वा गोठलेला थेंब त्यांच्या संपर्कात आला, की ते त्यावर चिकटून क्षणात गोठतात. हाच गारेचा गर्भ होय.

पुढे गार किती मोठी होणार हे ढगातील ऊर्ध्वप्रवाहावर ठरते. वर उसळणारा झोत जोरकस असेल तर तो गारेला खाली पडू देत नाही. जोवर तो तिला तोलून धरतो तोवर ती पाणी गोळा करीत वाढत राहते. वजन पेलवेनासे झाले की ती कोसळते. गार मधोमध कापली तर कांद्यासारखे थर दिसतात. पाणी तत्काळ गोठले तर आत हवेचे बुडबुडे अडकून पांढरा थर बनतो. सावकाश गोठले तर काचेसारखा पारदर्शक थर बनतो. प्रत्येक थर म्हणजे त्या गारेच्या प्रवासाची नोंदच.

आकाराचे गणित येथे ध्यानात घ्यावे. गारेचा व्यास दुप्पट झाला तर तिचे वजन आठपट होते. शिवाय मोठी गार अधिक वेगाने पडते, त्यामुळे आघाताची ऊर्जा जवळजवळ सोळापट होते. पाच ते दहा सेंटिमीटर व्यासाच्या गारा ताशी सुमारे ७० ते ११५ किलोमीटर वेगाने आदळतात. बोराएवढी गार पानाला भोक पाडते, लिंबाएवढी गार फांदी सोलते आणि त्याहून मोठी गार पत्रा फोडते. हे लक्षात ठेवले म्हणजे पुढचा विषय सोपा होईल.

मान्सूनच्या ऐन भरात आपल्याकडे गारा क्वचितच पडतात, याचेही कारण यातच आहे. त्या काळात हवा वरपर्यंत उबदार व दमट असते आणि गोठणपातळी उंच असते, त्यामुळे छोट्या गारा वाटेतच वितळून थेंब होतात. फेब्रुवारी ते मे या काळात मात्र खाली उष्ण आणि वर थंड अशी विषमता तीव्र असते. नेमका तोच रब्बीच्या काढणीचा आणि बेदाणा वाळवण्याचा काळ होय.

वितळणारा पुरावा

गारपिटीचा अभ्यास कठीण का, याचे उत्तर साधे आहे : पुरावा वितळून जातो. पाऊस पर्जन्यमापकात साठतो. गार मात्र ज्या शिवारात पडली तेथे कोणी पाहणारा नसेल तर तिची नोंदच होत नाही. गारपिटीचा पट्टा बहुधा अरुंद असतो. एका गावचे पीक भुईसपाट होते आणि शेजारच्या गावी केवळ सरी पडतात. जुन्या नोंदी यामुळे विरळ राहिल्या.

ज्या नोंदी टिकल्या त्या बहुधा भीषण घटनांच्या. ३० एप्रिल १८८८ रोजी उत्तर प्रदेशातील मुरादाबादजवळ झालेल्या गारपिटीत २४६ माणसे दगावली. जागतिक हवामान संघटनेने गारपिटीतील सर्वाधिक मनुष्यहानीची घटना म्हणून तिची नोंद केली आहे. १४ एप्रिल १९८६ रोजी बांगलादेशातील गोपालगंज येथे पडलेली १.०२ किलो वजनाची गार ही वजनाच्या नोंदीत अग्रस्थानी आहे; त्या वादळात ९२ जणांचा बळी गेला. अमेरिकेतील साउथ डकोटा राज्यातील विव्हियन येथे २३ जुलै २०१० रोजी सापडलेल्या गारेचा व्यास सुमारे २० सेंटिमीटर होता. २४ जुलै २०२३ रोजी इटलीच्या ईशान्य भागात १९ सेंटिमीटरची गार पडली. युरोपातील तो उच्चांक ठरला.

पुरावा किती सावधपणे वाचावा लागतो, याचे उदाहरण उत्तराखंडातील रूपकुंडाचे आहे. पाच हजार मीटरहून अधिक उंचीवरील या तलावाकाठी शेकडो मानवी सांगाडे सापडले. काही कवट्यांवरील आघातांवरून, एका भीषण गारपिटीत यात्रेकरूंचा जथा मारला गेला, असा निष्कर्ष लोकप्रिय झाला. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाने दाखविले, की ते सांगाडे एका काळचे नाहीतच. काही हजारहून अधिक वर्षांपूर्वीचे, तर काही जेमतेम दोनशे वर्षांपूर्वीचे आहेत. काहींचा मृत्यू गारांनी झाला असेलही. पण एकच गारपीट सर्वांना कारण होऊ शकत नाही.

आज अभ्यासाची साधने बदलली आहेत. द्विध्रुवीय डॉप्लर रडार आडव्या व उभ्या अशा दोन्ही दिशांच्या लहरी सोडते. पावसाचा मोठा थेंब पडताना चपटा होतो, तर गडगडत येणारी गार सर्व बाजूंनी सारखीच भासते. या भेदावरून ढगात गारा आहेत की पाणी, हे ओळखता येते. कॅनडातील वेस्टर्न विद्यापीठाच्या ‘नॉर्दर्न हेल प्रोजेक्ट’चे संशोधक वादळाचा माग काढीत गारा गोळा करतात, त्या शीतपेटीत जपतात आणि मोजतात. १ ऑगस्ट २०२२ रोजी अल्बर्टा प्रांतात त्यांना सापडलेली सुमारे २९३ ग्रॅमची गार ही त्या देशातील सर्वांत वजनदार ठरली. त्याच प्रांतातील कॅलगरी शहरात १३ जून २०२० रोजी झालेल्या एका गारपिटीने विमा कंपन्यांवर सुमारे १२० कोटी कॅनेडियन डॉलरांचा भार टाकला होता. अमेरिकेतही २०२५ च्या मे-जूनमध्ये अनेक विद्यापीठांनी मिळून ‘आइसचिप’ नावाची मोठी क्षेत्रीय मोहीम राबविली.

तापमानवाढ आणि गार

आता मुख्य प्रश्न. पृथ्वी तापली म्हणून गारपीट वाढली काय? येथे तीन कारणे परस्परांशी झुंजत असतात. पहिले असे, की हवा एक अंशाने तापली की तिची बाष्प धरून ठेवण्याची क्षमता सुमारे सात टक्क्यांनी वाढते. अधिक बाष्प म्हणजे वादळाला अधिक इंधन आणि अधिक जोरकस ऊर्ध्वप्रवाह. दुसरे कारण विरुद्ध दिशेचे आहे. हवा तापली की गोठणपातळी वर सरकते, गारेला उबदार हवेतून लांबचा प्रवास करावा लागतो आणि लहान गारा वाटेतच वितळतात. तिसरे कारण वाऱ्याच्या वेगात व दिशेत उंचीगणिक पडणाऱ्या फरकाचे. हा फरक वादळाला दीर्घायुषी करतो; तापमानवाढीने तो काही भागांत घटेल, असा अंदाज आहे.

या झुंजीचा निकाल सर्वत्र सारखा नाही. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका व्यापक आढाव्यानुसार, ऑस्ट्रेलिया व युरोपात गारपिटीचे प्रमाण वाढेल, पूर्व आशिया व उत्तर अमेरिकेत घटेल; परंतु बहुतेक प्रदेशांत तिची तीव्रता मात्र वाढेल, अशी अपेक्षा आहे. म्हणजे वादळे थोडी, पण गारा मोठ्या. वर सांगितलेले सोळापटीचे गणित येथे आठवावे. वर्षाला तीन किरकोळ गारपिटी होण्याऐवजी पाच वर्षांत एकच प्रचंड गारपीट झाली, तरी नुकसानीचा आकडा मोठा होऊ शकतो.

येथे प्रामाणिकपणाही हवा. आंतरराष्ट्रीय हवामानबदल समितीच्या सहाव्या अहवालाने गारपिटीच्या आजवरच्या कलाविषयी केवळ अल्प विश्वास व्यक्त केला आहे, कारण नोंदी अपुऱ्या आहेत. अतिवृष्टीचे तसे नाही. १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात विस्तृत प्रदेशावर होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्याचे पुण्यातील शास्त्रज्ञांच्या पुढाकाराने झालेल्या अभ्यासाने दाखविले आहे. अतिवृष्टीचे खाते पुराव्यानिशी जमा-खर्चासह तयार आहे. गारपिटीचे खाते अजून उघडे आहे. म्हणून प्रत्येक गारेचे खापर तापमानवाढीवर फोडणे जितके चूक, तितकेच ‘गारा काय, पूर्वीही पडतच होत्या’ असे म्हणून निश्चिंत बसणेही चूक.

उपायांचा बाजार

संकटाबरोबर उपाय विकणारेही येतात. १८९६ साली आजच्या स्लोव्हेनियातील एका गावी आल्बर्ट स्टिगर या द्राक्ष बागाईतदाराने ढगांवर तोफा डागण्याचे प्रयोग केले आणि युरोपभर गारतोफांची लाट उसळली. पुढे सरकारी चाचण्यांत त्या निष्फळ ठरल्या. आजही स्फोटाच्या लहरींनी गारा रोखणारी यंत्रे विकली जातात. जागतिक हवामान संघटनेच्या मते त्यांना शास्त्रीय आधार नाही. विजेचा कडकडाट अशा कोणत्याही तोफेहून मोठा असतो, तरी कडकडाटातच गारा पडतात, एवढे ध्यानात घेतले तरी पुरे. ढगांत रसायन फवारण्याचे निष्कर्षही संमिश्र आहेत. स्वित्झर्लंडमध्ये १९७७ ते १९८१ या काळात झालेल्या मोठ्या प्रयोगात गारपीट घटल्याचा पुरावा मिळाला नाही. खात्रीचा उपाय साधाच आहे : बागेवर गाररोधक जाळी. हिमाचल प्रदेशातील सफरचंदाच्या बागांत ती मोठ्या प्रमाणावर वापरली जाते. ती खर्चिक आहे. पण यंत्राप्रमाणे केवळ आशा विकत नाही.

पेढीने काय करावे?

पहिली गोष्ट नोंदीची. गार पडली की दिनांक, वेळ, ठिकाण लिहावे, गारेशेजारी नाणे वा पट्टी ठेवून छायाचित्र घ्यावे आणि ते कृषी वा महसूल कार्यालयास द्यावे. ज्या समाजाने पिढ्यान् पिढ्या चोख वह्या ठेवल्या, त्याला हे काम अवघड नाही. अशाच नोंदींतून उद्याचे शास्त्र उभे राहील.

दुसरी गोष्ट विम्याची. गोदाम, दुकान, वाहन व सौरपट्ट्या यांच्या विमापत्रात गारपिटीचा स्पष्ट उल्लेख आहे काय, हे आजच वाचावे. पीकविम्यात गारपिटीसारख्या स्थानिक आपत्तीची सूचना ७२ तासांत देण्याची अट राहिली आहे. तथापि कोणती जोखीम समाविष्ट आहे, हे राज्य व हंगाम यांनुसार बदलते. म्हणून चालू हंगामाची अधिसूचना पाहावी आणि आपल्या शेतकरी बांधवांनाही वेळीच सांगावी.

तिसरी गोष्ट वेळेची. हवामान विभाग पुढील तीन तासांसाठी तात्कालिक इशारे देतो. बेदाण्याच्या शेडवर ताडपत्री ओढण्यास, उघड्यावरील पोती आत घेण्यास आणि जनावरे छपराखाली बांधण्यास तेवढा अवधी पुष्कळ होतो.

चौथी गोष्ट दूरदृष्टीची. मार्चमध्ये गार लागलेला उन्हाळी कांदा चाळीत टिकत नाही. त्याचा परिणाम बाजारात ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये उमटतो. म्हणून खरेदी एकाच पट्ट्यावर विसंबून ठेवू नये.

शेवटची गोष्ट व्यवहारातील न्यायाची. गारपिटीनंतर मालाची प्रत उतरते, हे खरे. परंतु ज्याच्या मालाला गार लागलीच नाही त्याचाही भाव त्या निमित्ताने पाडणे हे व्यापाराच्या नीतीत बसत नाही. डाग पाहून भाव ठरवावा, अफवा ऐकून नव्हे. ज्याची बाग झोडपली गेली त्याची उचल पुढील हंगामापर्यंत थांबविता आली तर थांबवावी. तो पुन्हा उभा राहिला तरच पुढील वर्षी आपल्या दारी माल येईल. आकाशातून काय पडावे, हे आपल्या हाती नाही. पडल्यानंतर वहीत काय लिहावे, हे मात्र सर्वस्वी आपल्याच हाती आहे.