कार्डाचा छुपा खर्च ओळखा

पूर्वी सावकाराच्या वहीत काय लिहिले आहे, ते आपल्या आजोबा-पणजोबांना वाचता येत नव्हते. आज घरोघरी शिकलेली मुले आहेत. तरीही बँकेच्या पासबुकातील कपातीच्या नोंदी किती घरांत वाचल्या जातात, हा प्रश्न आम्ही समाजबांधवांपुढे ठेवीत आहोत.

निराधारांचे अनुदान, विद्यार्थ्यांची स्वाधार योजनेची रक्कम, जुलै २०२४ मध्ये दरमहा १५०० रुपयांनी सुरू झालेली लाडकी बहीण योजना, हा सर्व पैसा थेट खात्यात जमा होतो. सेनगाव तालुक्यातील अनेकांच्या हाती तो एटीएम कार्डाने पडतो. म्हणून कार्डाचा खर्च समजून घेणे प्रत्येक कुटुंबाच्या हिताचे आहे.

डेबिट कार्ड : हे कार्ड खात्याला जोडलेले असते. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार स्वतःच्या बँकेच्या एटीएमवर महिन्याला ५ व्यवहार मोफत असतात. दुसऱ्या बँकेच्या एटीएमवर आपल्या भागात ५, तर मुंबई, हैदराबाद यांसारख्या महानगरांत ३ व्यवहार मोफत मिळतात. कामासाठी तिकडे जाणाऱ्यांनी हा फरक ध्यानी ठेवावा. नुसती शिल्लक पाहिली तरी तो एक व्यवहार मोजला जातो. मोफत मर्यादा संपल्यावर, १ मे २०२५ पासून, दर व्यवहाराला २३ रुपयांपर्यंत आकार घेता येतो. त्यावर १८ टक्के जीएसटी धरून २७ रुपये १४ पैसे होतात.

आता हिशोब करू. समजा, एखाद्या भगिनीने दुसऱ्या बँकेच्या एटीएमवर महिन्यात आठ व्यवहार केले आणि त्यांतील शेवटचे तीन पैसे काढण्याचे होते. तीन व्यवहारांचे ८१ रुपये ४२ पैसे गेले. वर्षाचे झाले ९७७ रुपये. कार्डाचा वार्षिक आकार २०० रुपये असेल, तर करासह आणखी २३६ रुपये. म्हणजे १२०० रुपयांहून अधिक रक्कम गेली आणि हाती काहीच आले नाही.

प्रीपेड कार्ड : यात आधी पैसे भरायचे आणि मग खर्च करायचे. भेटकार्ड, प्रवासाचे कार्ड ही त्याची रूपे होत. 'खाते नको, कटकट नको' असे सांगून ते दिले जाते. परंतु कार्ड देण्याचे, पैसे भरण्याचे, काढण्याचे, हरवल्यास नवे देण्याचे असे वेगवेगळे आकार असू शकतात. भरलेल्या पैशावर व्याज मिळत नाही. रिझर्व्ह बँकेच्या २०२१ च्या निर्देशांप्रमाणे भेटकार्डात १०,००० रुपयांहून अधिक रक्कम ठेवता येत नाही आणि त्यातून रोख काढता येत नाही. शिवाय कार्डाला मुदत असते. म्हणून मुलांच्या शिक्षणाचा पैसा अशा कार्डात अडकवू नये.

उपाय काय? प्रत्येक बँकेत 'मूलभूत बचत ठेव खाते' मिळते. जनधन खाते याच प्रकारचे. यात किमान शिल्लक ठेवावी लागत नाही, कार्डाला वार्षिक आकार नसतो आणि महिन्याला किमान चार वेळा पैसे काढणे मोफत असते. सध्याचे बचत खाते लेखी अर्ज देऊन या प्रकारात बदलून घेता येते. मात्र त्याच बँकेत दुसरे बचत खाते ठेवता येत नाही.

कोणतेही कार्ड घेताना चार प्रश्न विचारावेत. वर्षाला किती आकार? पैसे काढण्याला किती? मुदत कधी संपते? बंद करताना शिल्लक परत कशी मिळते? उत्तर लेखी मागावे. चुकीची कपात आढळल्यास शाखेत अर्ज देऊन पोच घ्यावी. ३० दिवसांत समाधान न झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते. त्यासाठीचा मदत क्रमांक १४४४८ आहे.

आमची तरुण-तरुणींना विनंती आहे की त्यांनी महिन्यातून एकदा आपल्या आईचे, आजीचे आणि शेजारच्या वृद्धांचे पासबुक भरून आणावे आणि त्यातील प्रत्येक नोंद त्यांना वाचून दाखवावी. त्यांचा गुप्त क्रमांक मात्र विचारू नये. ज्याचा पैसा आहे, त्याला तो कुठे गेला हे कळलेच पाहिजे.