जुन्या मोटारीची नवी काच

बडोद्याच्या जुन्या मराठी घरांतून जी चीजवस्तू अजून सांभाळली जाते, तिची यादी वाचकांना नव्याने सांगायला नको. समया आहेत, पानाचे डबे आहेत, एखाद्या घरी संस्थानी नोकरीच्या काळातली पगडीही आहे. या यादीतली एक वस्तू मात्र घरात मावत नाही, म्हणून ती बाहेर पडवीशी, ताडपत्रीखाली उभी असते. ती म्हणजे आजोबांची मोटार. कुणाकडे ॲम्बॅसिडर, कुणाकडे फियाट, गावाकडे शेतीवाडी असलेल्यांकडे जीप.

राजवाड्यातल्या मोटारींची गोष्ट निराळी. जानेवारी २०२३ मध्ये लक्ष्मीविलासच्या आवारात जुन्या मोटारींचा मोठा मेळा भरला, तो पाहायला आपल्यापैकी पुष्कळ जण गेले असतील. तसल्या मोटारींच्या दिमतीला माणसे असतात. आपल्या पडवीतल्या मोटारीच्या दिमतीला असतो घरातला एक हौशी नातू, नाहीतर निवृत्त झालेले काका, आणि गल्लीच्या तोंडाशी बसणारा एक म्हातारा मिस्त्री. इंजिन, ब्रेक, बॅटरी यांची काळजी ही मंडळी मनापासून घेतात. ज्या एका अवयवाकडे कुणाचे लक्ष जात नाही तो अगदी डोळ्यांसमोरच असतो. मी पुढच्या काचेविषयी बोलतो आहे.

काच म्हातारी होत नाही अशी आपली एक समजूत आहे. पण पन्नास-साठ पावसाळे वायपरने तिच्यावरून धूळ आणि बारीक वाळू ओढलेली असते, आणि त्या घर्षणाने काचेवर दोन अर्धचंद्र कोरले गेलेले असतात. दिवसा ते दिसत नाहीत. रात्री समोरून एखादी नवी गाडी तिचे पांढरेशुभ्र दिवे घेऊन आली की सारी काच दुधाळ होते आणि क्षणभर रस्ताच नाहीसा होतो. दांडिया बाजारातल्या माझ्या परिचयाच्या एका घरी आजींनी याचे निदान नेमके केले होते. "गाडीला मोतीबिंदू झालाय, तिचं ऑपरेशन करा," असे त्या म्हणत. घरातील वडील माणसांना ते पटत नव्हते. काच फुटलेली नाही, तडा गेलेला नाही, आणि मूळची आहे, मग ती काढायची कशाला? तिच्या कोपऱ्यात जुन्या टॅक्सच्या टोकनाचा गोल डाग होता. त्याच्या बाजूला यजमानांच्या वडिलांनी चिकटवलेले गणपतीचे चित्र होते, त्याचा आता नुसता मुकुट उरला होता. काच काढायची म्हणजे हेही गेले.

हा पेच अनेक घरांतला आहे म्हणून थोडे खोलात जातो.

मोटारीच्या काचेच्या दोन जाती आहेत. पहिली टफन्ड. साधी काच ६०० अंश सेल्सिअसच्या वर तापवून तिच्यावर वाऱ्याचे झोत सोडतात. बाहेरची बाजू आधी आवळते, आतला गाभा मागाहून, आणि त्या ओढाताणीतून काचेला बळ येते. ही काच फुटते तेव्हा तिचे मोठे धारदार तुकडे होत नाहीत, साबुदाण्यासारखे दाणे होतात. खिडक्यांना हे उत्तम. पुढच्या काचेला मात्र यात मोठी खोट आहे. समोरच्या ट्रकच्या चाकाखालून उडालेला एक खडा वर्मी बसला, तर सबंध काच एका निमिषात चाळणीसारखी पांढरी होते आणि ताशी साठ किलोमीटरने चाललेल्या मोटारीत चालवणारा आंधळा होतो. जुने ड्रायव्हर अशा वेळी मूठ मारून काचेत भोक पाडत आणि त्यातून पाहत गाडी कडेला घेत, ते यामुळेच. साठाव्या-सत्तराव्या दशकातल्या आपल्याकडच्या पुष्कळ मोटारींना पुढे हीच काच असे.

दुसरी जात लॅमिनेटेड. दोन पातळ काचांच्या मध्ये पारदर्शक पापुद्रा. तिला तडा जातो, जाळे पडते, पण ती जागची हलत नाही आणि तिच्यातून दिसत राहते. ही जात अगदी अलीकडची आहे असे पुष्कळांना वाटते. ते खरे नाही. एदुआर बेनेदिक्तुस या फ्रेंच रसायनज्ञाच्या हातून १९०३ मध्ये एक काचेचा चंबू खाली पडला. तो तडकला, पण विखुरला नाही, कारण आत पूर्वी ठेवलेले द्रावण वाळून त्याचा पापुद्रा काचेला धरून बसला होता. अशी हकिकत सांगतात. १९०९ मध्ये त्याने आपल्या काचेचे पेटंट घेतले. सुरुवातीचा पापुद्रा सेल्युलॉइडचा असल्यामुळे उन्हाने पिवळा पडे. संस्थानी काळातील एखाद्या मोटारीच्या काचेला कडेने तपकिरी झाक आणि बुडबुडे दिसले तर ते त्याचेच. पुढे १९३० च्या दशकाच्या अखेरीस न पिवळणारा पापुद्रा सापडला आणि आजतागायत तोच वापरात आहे.

आपल्याकडे १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनी तीन वर्षांची मुदत देऊन पुढे बनणाऱ्या मोटारींना समोर लॅमिनेटेड काच सक्तीची केली. पुढच्या काचेतून किमान ७० टक्के उजेड आरपार आला पाहिजे असेही ठरवले. त्याआधीच्या मोटारींना ती सक्ती नाही, आणि म्हणूनच आपल्या पडवीतली मोटार जुन्या काचेनिशी उभी राहिली. 'मूळ स्वरूप' बिघडेल ही भीती असेल तर तीही अनाठायी आहे. ५० वर्षांवरच्या मोटारींच्या नोंदणीचे जे नियम जुलै २०२१ मध्ये निघाले, त्यांचा कटाक्ष चासी, बॉडी आणि इंजिन यांतील फेरफारावर आहे. अंगकाठी तीच ठेवून काचेची जात बदलली तर मोटारीचे कुळ बदलत नाही.

तेव्हा मत विचाराल तर माझे मत स्वच्छ आहे. ज्या मोटारीत नातवंडे बसतात, तिला पुढे टफन्ड काच ठेवू नये, मग ती आजोबांच्या वेळची असो की पणजोबांच्या. दांडिया बाजारच्या घरीही शेवटी आजींचेच चालले.

काच मिळवणे हा पहिला उद्योग. जीपचे काम सोपे, कारण तिची काच सपाट. काचवाला लॅमिनेटेड तक्त्यातून मापाने कापून कडा घासून देतो. टफन्ड काच एकदा घडली की कापता येत नाही, घासताही येत नाही. ॲम्बॅसिडरची काच वळणदार असल्याने साच्यावरचीच लागते. पण उत्तरपाड्याच्या कारखान्यातून ही मोटार १९५७-५८ पासून २०१४ पर्यंत बाहेर पडत होती आणि तिचा चेहरामोहरा फारसा बदलला नाही, म्हणून थोडे हिंडले तर काच मिळते. स्टँडर्ड हेराल्डसारखी मोटार असेल तर मात्र हिंडणे फार. घेताना कोपऱ्यातला शिक्का वाचून घ्यावा. तो नसेल तर घेऊच नये, दुकानदार कितीही गोड बोलला तरी.

काच आली, आता बसवणार कोण? आणि खरी अडचण इथे आहे. आजच्या मोटारींची काच पॉलियुरेथेनच्या गोंदाने चौकटीला चिकटवलेली असते. ती मोटारीच्या सांगाड्याचाच भाग होते, छपराचा भारही थोडा उचलते. जुन्या मोटारीची काच रबरात तरंगते. रबराला दोन खाचा असतात, एकीत काच बसते, दुसरीत चौकटीची पत्र्याची धार. सांगाडा हलला, मुरडला तर रबर ते सोसते, काचेपर्यंत पोचू देत नाही. ही मांडणी न कळलेला नव्या दुकानातला मुलगा जुन्या मोटारीतही गोंदाची नळी रिकामी करतो. दिसायला काम छान दिसते. पुढे कधी काच काढायची वेळ आली की रंगासकट पत्रा सोलून निघतो.

शियाबागेकडच्या एका गल्लीतले मिस्त्री हे काम जुन्या पद्धतीने करतात. वय सत्तरीच्या पुढे, बोलणे गुजराती, पण जन्मभर मराठी घरांतल्या गाड्या हाताळल्याने मराठी पक्की. त्यांनी ॲम्बॅसिडरची काच बदलली तेव्हा मी दोन दिवस तिथे बसून होतो.

पहिला सारा दिवस काचेला कुणी हातही लावला नाही, म्हणजे नव्या काचेला. जुनी सकाळीच निघाली. वायपर उतरवले, डॅशबोर्डवरच्या हवेच्या फटी ओल्या फडक्याने बुजवल्या. "काच फुटली तर दाणे या फटीत जातात काकासाहेब, आणि सहा महिन्यांनी पंखा लावला की डोळ्यात येतात." रबराची बाहेरची कड पात्याने कापून टाकली. जुने रबर वाचवायच्या भानगडीत पडू नये, ते दगड झालेले असते. मग मिस्त्री आत बसले, वरच्या कोपऱ्याशी दोन्ही तळहात लावून त्यांनी हलकेच रेटा दिला आणि बाहेर उभ्या असलेल्या दोघांनी काच अलगद झेलली. ती शाबूत निघाली.

काचेखाली चौकट दिसली तेव्हा यजमानांचा चेहरा उतरला. खालचे दोन्ही कोपरे गंजून जाळी झाली होती. विश्वामित्रीचे पाणी २०१९ मध्ये आले, २०२४ मध्ये आले, पण ते खालून आले आणि सगळ्यांना दिसले. जुन्या मोटारीत पाणी वरून येते, रबराच्या फटीतून झिरपते, डॅशबोर्डच्या मागून पायाखाली उतरते आणि कुणाला दिसत नाही. या घरी दर श्रावणात पायाखालची चटई ओली होई आणि दोष दाराला दिला जाई.

पत्रा कापून नवा तुकडा वेल्ड केला, घासला, प्रायमर दिला, रंग दिला. रंगारी ज्याला लांबी म्हणतात ती भरून भोक झाकण्याची सूचना कुणीतरी केली. मिस्त्री नुसते हसले. लांबी चार महिन्यांत निघते, आणि चौकटीची धार एका जागी उंच राहिली तर नवी काच तिथेच टेकून आपोआप तडकते. मग लोक म्हणतात काच नकली होती.

दुसऱ्या दिवशी रबर आधी उन्हात ठेवले. काच चौकटीवर नुसती धरून चारी बाजूंची फट पाहिली. मग काचेच्या कडेभोवती रबर चढवले, सांधा कोपऱ्यावर येऊ न देता. आणि आता ते काम, ज्याच्यासाठी मी बसलो होतो. नेफ्यात नाडी ओवावी तशी एक मऊ, मजबूत दोरी रबराच्या रिकाम्या खाचेत सबंध फिरवली आणि तिची दोन्ही टोके खाली मधोमध, वीतभर एकमेकांवर घेऊन, आत सोडली. खाचेला साबणाचे पाणी लावले. तेल नाही, ग्रीस नाही, त्याने रबर फुगते. काच बाहेरून चौकटीत टेकवली. मिस्त्री आत, त्यांचा पुतण्या बाहेर. मिस्त्री दोरीचे टोक काचेच्या मध्याकडे हळूहळू ओढू लागले. दोरी जिथून निघेल तिथे रबराची कड आपोआप उलटून पत्र्याच्या धारेवर चढे, आणि त्याच क्षणी, त्याच जागी, बाहेरून पुतण्या उघड्या तळहाताने थाप देई. ओढ आणि थाप यांचे मेळ तबल्याच्या साथीसारखे. चुकले तर कड दुमडते आणि सगळे पुन्हा. कोपऱ्यावर दोघेही थांबले, साबणपाणी पुन्हा लावले, बोटभर ओढले, पुन्हा थांबले. वीस मिनिटांत काच बसली. हातोडी, पहार, गोंद काही लागले नाही.

मग बाहेरच्या कडेखाली न वाळणारा मसाला भरला आणि पाण्याची परीक्षा झाली. नळी खालून सुरू करून हळूहळू वर नेली. एकदम वरून पाणी सोडले तर गळते आहे हे कळते, पण कुठून ते कळत नाही. आत नातू कोरडा कागद धरून बसला होता. कागद कोरडाच राहिला.

मिस्त्रींचा पुतण्या एरवी नव्या मोटारींच्या काचा चिकटवण्याचे काम करतो. त्यात पैसा आहे आणि कामाला तोटा नाही. दोरीचे काम वर्षातून चार-पाच वेळा येते. मी विचारले, तुमच्यानंतर आत कोण बसणार? मिस्त्रींनी उत्तर दिले नाही. त्यांनी नातवाला हाक मारली आणि त्याच्या हातात दोरी देऊन, जुन्या काचेवर जुन्याच रबराचा तुकडा चढवून, ती कशी धरायची ते दाखवले. अंगठा वर नाही, खाली.

निघताना त्यांनी यजमानांना एकच गोष्ट बजावली. वायपरचे रबर आजच बदलायचे. साठ वर्षांच्या वाळूने भरलेले वायपर नव्या काचेवर फिरवले तर पहिल्याच पावसात रेघा पडतील. ते बदलले. जुनी काच घरी परत आली आहे. टोकनाचा डाग आणि गणपतीचा मुकुट यांच्यासकट ती गोधडीत गुंडाळून माळ्यावर ठेवली आहे.