न जुळणारी स्वाक्षरी

एखादा प्रोग्रॅम वेब एपीआयकडे, म्हणजे दुसऱ्या संगणकाने इंटरनेटवर उपलब्ध करून दिलेल्या सेवेकडे, विनंती पाठवतो तेव्हा गुप्त किल्ली उघडपणे न पाठवता तिच्या साहाय्याने त्या विनंतीच्या मजकुरावरून एक सांकेतिक ठसा काढून तो सोबत जोडला जातो, आणि त्यालाच विनंतीची स्वाक्षरी म्हणतात. यासाठी ‘एचमॅक’ ही पद्धत सर्रास वापरली जाते. सर्व्हर आपल्याजवळच्या किल्लीने तोच हिशेब पुन्हा करतो आणि एका अक्षराचाही फरक पडला तर विनंती नाकारतो. त्यामुळे स्वाक्षरी जुळत नाही असा संदेश आला की किल्लीच चुकली, असे मानणे बहुधा घाईचे ठरते. (किल्लीच्या शेवटी नकळत चिकटलेली रिकामी जागा मात्र आधी तपासावी.)

दोष बहुतेकदा मांडणीत असतो. ॲमेझॉनच्या स्वाक्षरी-पद्धतीच्या चौथ्या आवृत्तीत पत्त्याला जोडलेली माहिती ठरावीक वर्णक्रमाने लावावी लागते आणि तिच्यातील रिकामी जागा ‘+’ ऐवजी ‘%20’ अशी लिहावी लागते. शिवाय वेळ जागतिक प्रमाणवेळेत द्यायची असल्याने भारतीय घड्याळातील वेळ तशीच लिहिली तर साडेपाच तासांची तफावत पडते, आणि ॲमेझॉनची एसथ्री ही साठवण-सेवा १५ मिनिटांपलीकडचा फरक खपवून घेत नाही. स्वाक्षरी न जुळल्यास हीच सेवा ज्या मजकुरावर तिने हिशेब केला तो उत्तरात परत पाठवते. तो आपल्या प्रोग्रॅमने तयार केलेल्या मजकुराशी ओळीओळीने ताडून पाहणे, हा किल्ल्या बदलत बसण्यापेक्षा कितीतरी खात्रीचा मार्ग आहे.